कंट्रोलचा पट्टा

सांगलीत आमचं गाद्यांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून कापूस माझ्या नाकात, केसात आणि आमटीत. पण झाडाला लागलेला कापूस मी या दिवाळीपर्यंत बघितला नव्हता. आमच्याकडं रुई येते ती गाठीतून, दाबून दाबून वीट केलेली. ती पिंजायची, खोळीत भरायची, टाके घालायचे आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची. कापूस कुठं उगवतो हा प्रश्न मला कधी पडला नाही. ऊस कुठं उगवतो ते माहीत होतं, सांगलीत तेवढं पुरतं.

वऱ्हाडात गेले तीही कापसासाठी नाही. आमच्या विहीणबाई नवरात्रात शेतात घसरून पडल्या आणि पाय मोडून घेतला. लेक आणि जावई दोघं बंगळुरात, त्यांना रजा मिळेना. लेकीचं रोज एकच टुमणं, आई तू तरी जाऊन ये, त्या एकट्या आहेत. दिवाळीची गिऱ्हाइकी सरल्यावर निघाले. सोबत हळद, बेदाणे आणि स्वतः भरलेल्या दोन उशा. जाणाऱ्याने आठ दिवस राहावं, परतवाड्यावरून जीपने सेमाडोहला जाऊन जंगल बघून यावं, असा बेत लेकीने परस्पर ठरवून टाकला होता. वाघ बघायला म्हणून निघालेली मी अळी शोधून परत आले, आणि तीसुद्धा दिसली नाही. त्याचीच ही हकिगत.

अकोला

विहीणबाईंचं नाव कुंदाबाई. अकोल्याच्या एका संशोधन केंद्रात त्या कपाशीवर काम करतात. जन्म तिवसा तालुक्यातल्या खेड्यातला, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलांच्या नोंदणी लग्नात आमची भेट झाली ती घाईघाईची. शास्त्रज्ञ बाई आणि आपण गादीवाली, चार दिवस बोलायचं काय, हीच मला गाडीत काळजी. दारात काठी टेकून उभ्या होत्या. प्लास्टर नुकतंच निघालेलं, पाय वाळक्या शेंगेसारखा झालेला. म्हणाल्या, "या इनबाई. लय दमल्या असान." विहिणीला तिकडं ईन म्हणतात. मला ते फार गोड वाटलं.

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. पोहे करता करता त्यांनी आतून विचारलं, "वरून सांभार टाकू का?" मी म्हटलं, नको बाई, पोह्यांवर कसलं सांबार, सकाळी सकाळी मला ते आंबट सोसत नाही. त्यांनी मुकाट्याने कोरडे पोहे दिले. दुपारी वांग्याच्या भरितावरही तेच विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं आणि मनात म्हटलं, काय माणसं आहेत, भरितावर सांबार. संध्याकाळी त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी बघितली. "हा सांभार. तुमाले चालत नाही ना?" मग मला उलगडलं. दोघी पोट धरून हसलो. तिथं राहिले तेवढ्यात मी मोकळेपणी हसले ती तेवढीच वेळ.

दुसऱ्या दिवशी त्या मला केंद्रावर घेऊन गेल्या. मैलभर पऱ्हाटी. कपाशीच्या झाडाला तिकडं पऱ्हाटी म्हणतात. पांढरी बोंडं फुटलेली, ऊन तापलेलं, दिवाळी झाली तरी वऱ्हाडातलं ऊन काही ऐकत नाही. मी एका बोंडातला कापूस ओढून चिमटीत चोळला. सवयच ती. आखूड धाग्याचा, भरड, फुगीर. गादीला असला मिळाला तर मी दुसऱ्याकडं बघणार नाही. कुंदाबाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "ही देशी. हीच माझी."

त्यांच्या वाणाला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. मंजूर झाल्याशिवाय बारसं होत नाही म्हणे. एवढी वर्षं कुंदाबाई त्या आकड्याशी संसार करत आल्या आहेत. त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरलं ते असं. गुलाबी बोंडअळी म्हणून एक कीड आहे. ती कोवळ्या बोंडात शिरते, भोक बुजून जातं आणि बाहेरून बोंड अगदी धडधाकट दिसतं. फोडलं की आत अळी, आणि कापसाची काळी कवडी. लोक फवारून फवारून थकतात, एक पाळी चुकली की अळी आत आरामात बसलेली. यांची देशी कपाशी लवकर पिकते. अळीचा जोर चढेपर्यंत ही आपली फुटून मोकळी. म्हणजे फवारायलाच नको.

"फवारायलाच नको," हे त्या दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ तरणाताठा असताना फवारणीच्या मजुरीला जायचा, दुसऱ्यांच्या शेतात, पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडकं बांधून. एकदा चक्कर येऊन कपाशीच्या ओळीतच आडवा झाला. वाचला, पण नजर अधू झाली आणि हात थरथरायचा राहिला तो राहिलाच. त्याच्याच जिवावर या शिकल्या होत्या. तेव्हापासून या बाईच्या डोक्यात एकच, पाठीवर पंप न घेता कपाशी पिकली पाहिजे.

नंतर त्यांनी एक जाड दार उघडून मला आत नेलं. बाहेर घाम आणि आत हुडहुडी. मांडणीवर सगळीकडं चकचकीत पाकिटं, प्रत्येकात बी, प्रत्येकावर आकडा. जुन्या शास्त्रज्ञांचे वाण, कुणाकुणाचं उभं आयुष्य. मी म्हटलं, छान जपून ठेवलंय की. त्या म्हणाल्या, "जपून ठेवलंय खरं. पण इथं आलेलं पाकीट परत बाहेर गेलेलं मी एकदाही पाहिलं नाही. कोणी मागतच नाही." मला तिथं जास्त वेळ थांबवेना. मी शालीसाठी कुरकुर केली आणि आम्ही बाहेर आलो.

चाचणीला तीन हंगाम मिळतात. पहिल्या हंगामात पट्टा पावसाने वाहून नेला. दुसऱ्यात रानडुकरांनी लोळवला. हा तिसरा. आता या हंगामात शेतकऱ्याच्या शेतावर फरक दिसला तर वाण पुढं जाणार, नाही दिसला तर त्या थंड खोलीत. पुढच्या वर्षी कुंदाबाई निवृत्त होणार, त्यांच्यानंतर तो आकडा हातात घ्यायला कुणी नाही. दोन दिवसांनी वाण तपासणारी समिती शेतावर यायची होती. पाय मोडल्यापासून कुंदाबाईंनी ते शेत बघितलं नव्हतं, आणि हाताखालची सहाय्यकाची जागा रिकामीच. म्हणून समितीच्या आधी आपण जाऊन यायचं ठरलं. मी सोबत, पाय ओढायला मदत म्हणून.

वाटेत, अमरावती

गाडी भाड्याने केली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तूर, तूर आणि पऱ्हाटी. अमरावतीत थांबून गिला वडा खाल्ला. दह्यात बुडवलेला वडा, वर तिखट चटणी, नाव ऐकून मी नाक मुरडलं आणि खाऊन दुसरी प्लेट मागितली. आमच्या सांगलीच्या भेळेला मी कुणापुढं मान खाली घालू देत नाही, पण त्या दिवशी जरा घातली.

खाता खाता मी विचारलं, फरक दिसायचा म्हणजे कसा? त्यांनी प्लेटमध्येच बोटाने रेघ मारली. शेताचे दोन पट्टे. एकात त्यांची देशी, न फवारलेली. शेजारच्यात सगळे लावतात ती कपाशी, तीही न फवारलेली. तिला अळीने किती खाल्लं आणि हिला किती, यातला फरक म्हणजे त्यांचं सगळं काम. तो दुसरा पट्टा म्हणजे कंट्रोल.

मी म्हटलं, आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. त्या हसल्या. "आमच्याकडंही तेच. पण शेतात त्याचा अर्थ, हात न लावता सोडलेलं. त्याला कीड लागू द्यायची. ते खराब झालं तरच माझं चांगलं कळतं." असला पट्टा ठेवायला गावात कुणी तयार होईना. डोळ्यांदेखत पीक किड्याला घालायचं, हे शेतकऱ्याला बघवत नाही. शेवटी त्यांच्या भाच्याने, मिलिंदने, शेताचा रस्त्याकडचा तुकडा दिला.

पाट्यांची गोष्टही त्यांनी तिथंच सांगितली. आजवर चाचणीच्या पाट्या इंग्रजीत असायच्या. त्यावरून त्या केंद्रात भांडल्या होत्या. शेत शेतकऱ्याचं, बघणारा शेतकरी, मग पाटी कुणासाठी? यंदा त्यांनी हट्टाने देवनागरीत रंगवून घेतल्या, मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येतील अशा. मी म्हटलं, शाब्बास. मनापासून म्हटलं.

तिवशाजवळचं गाव

गाव नागपूर रस्त्यापासून आत आहे. भावाच्या घरी उतरलो. दादा ओट्यावर बसलेले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आत वहिनींची लगबग. दादांनी मला नमस्कार केला तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मी बघितलं नाही असं केलं. पाटवडीचा रस्सा इतका जहाल की कानातून वाफ निघाली, आणि वहिनी वर विचारतात, "तिखट कमी तं नाही झालं?" आम्ही सांगली-कोल्हापूरकडचे लोक तिखटाच्या फार गमजा करतो. आता सांभाळून करीन.

उन्हं उतरल्यावर शेतावर गेलो. मिलिंदच्या खांद्याला धरून कुंदाबाई धुऱ्यावरून चालत होत्या. धुरा म्हणजे बांध. दोन्ही पाट्या लांबूनच दिसल्या. एकीवर आकडा, दुसरीवर ठसठशीत अक्षरांत कंट्रोल. कुंदाबाई काठी टाकून आधी देशीच्या पट्ट्यात शिरल्या. खिशातून चाकू काढला, उरलेलं एक हिरवं बोंड तोडलं, उभं चिरलं. आत पांढरं, स्वच्छ. दुसरं, तेही स्वच्छ. त्यांनी माझ्याकडं बघितलं. लेकराचा निकाल हातात आल्यावर आई बघते तसं त्यांनी बघितलं.

मग कंट्रोलच्या पट्ट्यात आल्या. बोंड तोडलं, चिरलं. स्वच्छ. त्या थबकल्या. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं, ओळ सोडून पलीकडचं चिरलं. कुठंतरी एखादी जुनी काळी कवडी, बाकी सगळं निर्मळ. मी खुळी आनंदले. म्हटलं, "अहो, हिलाही नाही की अळी. बरंच झालं."

कीड नाही म्हणून चेहरा पडलेली बाई मी जन्मात पहिल्यांदा बघितली. त्यांनी एक पान तोडून नाकाशी नेलं. पानावर वाळलेल्या थेंबांचे पांढरट डाग होते. पान त्यांनी मिलिंदपुढं धरलं.

"मिलिंद, हे फवारलं कोणं?"

"आत्या, शपथ. तुमीच सांगतलं व्हतं, या पट्ट्यात पाय ठेवाचा नाही. मी तं इकडं पाहतच नाही."

पाहतच नाही, हे खरं होतं. पोराने शब्द पाळला होता, इतका पाळला होता की दसऱ्यापासून त्या पट्ट्यात काय चाललंय हे त्याने बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातून एक म्हातारा आला. नामदेवबापू. त्यांची पऱ्हाटी, झेंडू, वांगी आणि चार संत्र्यांची झाडं मिलिंदच्या धुऱ्याला लागून. डोक्याला फडकं, पाठीवर पंप, आणि चेहऱ्यावर आपल्या पोरीचं लग्न लागल्यासारखा आनंद.

"आल्या का मॅडम? पाय कसा हाये आता?"

"बरा हाये, बापू."

"मंग पाहा, कसं कंट्रोल आनलं तुमच्या पऱ्हाटीवर." त्यांनी पाटीकडं हात केला. "तुमी पडल्या, हा मिलिंद तं पट्ट्यात पायच ठेवत नाही. मी पाहून राहिलो, अळी बोंडं खाऊन राहिली. मनलं, बाईनं एवढं मोठं लिहून ठेवलं, कंट्रोल, अन् कराले कोनीच नाही. मंग मीच केलं. माया पऱ्हाटीले फवारलं का हिले बी फवाराचं. दसऱ्यापासून एक पाळी चुकवली नाही."

तिथं शेतकरी औषधाच्या दुकानात जाऊन हेच म्हणतो, अळी कंट्रोल होत नाही, कंट्रोल करायचं काहीतरी द्या. पाटीवर दुसरं काय लिहिलं होतं? बापूंनी वाचलं आणि केलं. इंग्रजीत असती तर त्यांनी वाचली नसती.

कुंदाबाईंनी अगदी हळू विचारलं, "अन् हा बाजूचा? याले नाही फवारलं?"

"त्याले काहून फवारू?" बापूंना प्रश्नच वेडगळ वाटला. "त्याच्यावर तं नुसता आकडा हाये. अन् त्याले काही झालंच नव्हतं. दोन पाऊलं इकडं, ही आजारी, अन् ती एकदम निरोगी. मी तं रोज पाहो, मनो का हे काय नवल हाये."

म्हणजे फरक होता. जो फरक बघायला समिती येणार होती, जो दाखवण्यात कुंदाबाईंची उमर गेली, तो या माणसाने रोज उभं राहून बघितला होता. बघवला नाही म्हणून स्वतःच्या खर्चाने पुसून टाकला होता.

मिलिंद तापला. "बापू, तुमाले अक्कल..." म्हणून पुढं झाला, तसा कुंदाबाईंनी त्याचा दंड धरला. घट्ट धरला, पोराचा चेहरा वाकडा झाला. मग बापूंकडं वळून म्हणाल्या, "लय केलं बापू तुमी."

"त्यात काय करन आलं," बापू म्हणाले आणि खोकले. तो खोकला मला आवडला नाही. फवारून आलं की दोन दिवस जेवण जात नाही, एवढंच, असं त्यांनी वर हसत सांगितलं. घरी जाताना त्यांनी आमच्या पदरात संत्री घातली.

आमच्याकडं कुणी दुसऱ्याच्या द्राक्षबागेत पंप घेऊन शिरलं तर थेट पोलीस येतात. आणि इथं शेजारीण पडली म्हणून म्हाताऱ्याने पाठीवर ओझं वाहिलं. पंप वाहायला नको म्हणून जी कपाशी घडवली, तिच्याच पायी एका माणसाने दसऱ्यापासून विष हुंगलं. हा विचार कुंदाबाईंच्या मनात आला असणारच. मी बोलून दाखवला नाही.

रात्रीचं जेवण कुणाला गेलं नाही. दादांनी विचारलं, काय झालं, तर कुंदाबाई म्हणाल्या, काही नाही दादा, दमले. मग आम्ही दोघी अंगणात बाजेवर बसलो आणि माझा तोल सुटला. मी दुकानदार बाई. मी म्हटलं, गप्प बसा. समितीला काय कळतंय, यंदा अळीच कमी आली म्हणावं.

"मग माझ्या वाणानं तरी काय केलं? अळीच नव्हती तर दोन्ही सारखेच."

"नवरात्रात तुम्ही बघितलं होतं ना, तेव्हा फरक होता?"

"तेव्हा नुकता सुरू होत होता. अन् एकदा पाहिलेलं मोजत नाहीत, इनबाई. मोजायचं ते आता होतं."

"मग बापूंना उभं करा समितीसमोर. त्यांनी रोज बघितलंय. त्यांच्याइतका साक्षीदार कोण?"

त्यांनी दुखरा पाय उचलून बाजेवर घेतला. मग म्हणाल्या, "समिती विचारेल, बापू, अळी होती तर गेली कुठं? बापू सांगतील, मी फवारलं. तिथला एखादा कपाळाला हात लावेल, अन् बापूंना कळेल आपण काय केलं ते. या वयात हे त्यांच्या माथी मारू? अन् कशासाठी? डोळ्यानं पाहिलेलं समिती धरत नाहीच."

मला राग आला होता. कुणावर, ते सांगता येईना. बापूंवर राग धरावा तर तोंडात त्यांचंच संत्र होतं. मिलिंदवर धरावा तर तो सांगितलं तसं वागला होता. कुंदाबाईंवर धरावा तर पाटी मराठीत लिहिल्याबद्दल मीच त्यांना शाब्बास म्हटलं होतं. असला राग फार वाईट. तो कुठं टाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघं होते, सभ्य होते, उन्हाने हैराण झाले होते. बोंडं फोडली गेली. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, कंट्रोलमध्ये कीड का नाही?" बापू धुऱ्यावर उभे होतेच, पाहुणे आले म्हणून धुतलेली टोपी घालून. कंट्रोल हा शब्द कानावर पडला तसे ते जरा ताठ झाले.

कुंदाबाई इंग्रजीत बोलल्या. कळलं मला तेवढं असं की, या पट्ट्यात चुकून फवारणी झाली, देखरेख माझी होती, कमी मी पडले, हा पट्टा धरू नका. एरवी ही बाई शेतात कधी इंग्रजी बोलत नाही. त्या गृहस्थांनी मान हलवली, चष्मा पुसला. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाले. पुढचं वर्ष नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण माणूस बरा होता. चहा न घेताच गाडी गेली.

बापू लगबगीने आले. "काय मने सायेब? पसंत पडली का पऱ्हाटी?"

"पडली, बापू. कंट्रोल चांगलं आलं मने."

"मी सांगतलं नव्हतं?" म्हातारा खुलला. मग जरा संकोचून म्हणाला, "मॅडम, एक मागू? ते बाजूची, आकड्यावाली. तिची सरकी भेटन का मले? औषदाशिवाय आली ना ते. आता हा पंप उचलत नाही मायाच्यानं."

नियम मला आधीच सांगून झाला होता. मंजुरीशिवाय एक दाणा बाहेर जाता कामा नये. कुंदाबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पाहतो, बापू," त्या म्हणाल्या.

आजवर त्या कपाशीचं बी मागणारा पहिला माणूस भेटला होता, आणि त्याला पाहतो म्हणावं लागलं. मी पाठ फिरवून तुरीकडं बघत उभी राहिले, कारण मला रडू आवरेना.

निघताना मिलिंद पाट्या उपटायला लागला. आकड्याची निघाली. कंट्रोलच्या पाटीला हात घातला तसे बापू आडवे आले. "ते राहू दे. पुढच्या साली मॅडम येतीन ना. पुढच्या साली मी पह्यल्या पाळीपासूनच फवारतो, दसऱ्याची वाटच पाहत नाही." मिलिंदने आत्याकडं बघितलं. आत्याने मान हलवली. पाटी राहिली.

पुन्हा अकोला, आणि घर

सेमाडोहचं नाव कुणी काढलं नाही. अकोल्यात आणखी दोन दिवस राहिले. देशीच्या पट्ट्यातून वेचून आणलेल्या कापसाची सरकी काढून, वाळवून, निवडून कुंदाबाईंनी पाकिटात भरली. एकेक दाणा तळहातावर घेऊन बघत होत्या. मी निवडायला बसले, बोटांना सवय आहे. बोलणं झालं ते कोथिंबिरीच्या भावाचं. त्या खोलीचं जाड दार त्यांनी उघडलं तेव्हा मी आत गेले नाही, बाहेर उन्हात थांबले. त्या आल्या तेव्हा हात गार होते. म्हणाल्या, "जागा चांगली मिळाली. दाराजवळची." कोणी मागितलं तर काढायला सोपं, असं मी म्हणायला गेले आणि गप्प बसले.

सरकी काढून उरलेली रुई त्यांनी मला दिली, ती आता कशाच्याच कामाची नव्हती. एक उशी होईल एवढी. ती अजून दुकानात फळीवर आहे. ह्यांनी दोनदा विचारलं, भरायची नाही का? मी म्हटलं, राहू दे.

परवा मिलिंदचा फोन आला होता, जावयाचं काहीतरी विचारायला. आत्या निवृत्तीच्या कागदांत आहे म्हणाला, पाय बरा आहे, बोलते कमी. शेतातली पऱ्हाटी उपटली, नांगरून हरभरा टाकला. मी विचारलं, आणि बापू? बापू बरे आहेत, खोकला आहे. नांगर फिरवताना ती पाटी आड येत होती, पण काढू देत नाहीत. स्वतः उभे राहून नांगर पाटीला वळसा घालून न्यायला लावला. मॅडम सरकी घेऊन येणार आहेत, त्यांना जागा कशी सापडणार, म्हणतात.